सिमेंटच्या पत्र्याला कटर लावण्याआधी

मे महिना उजाडला की आमच्या भागात छपरांवर माणसं दिसू लागतात. पावसाआधी फुटका पत्रा बदलायचा, भेगेत डांबर भरायचं, शेवाळ घासून काढायचं, पडवीवर नवं छप्पर चढवायचं. याच दिवसांत गल्लीत कुठून तरी ग्राइंडरचा कर्कश आवाज येतो आणि करड्या धुळीचा लोट उठतो. खाली मुलं खेळत असतात. पत्रा कापणाऱ्या पोराने तोंडाला रुमाल बांधलेला असतो, आणि पुष्कळदा तेवढाही नसतो.

त्या धुळीत ॲस्बेस्टॉस नावाच्या, फुफ्फुसाला घातक खनिजाचे बारीक धागे असतात. हा लेख त्या पोरासाठी आहे. फॅब्रिकेशनच्या किंवा छपराच्या कामाला नुकत्याच लागलेल्यांसाठी, जुनं घर विकत घेऊन ते दुरुस्त करायला निघालेल्यांसाठी, एसीच्या डक्टला ग्लासवूल लावणाऱ्यांसाठी आणि भट्टीचं अस्तर बदलणाऱ्यांसाठीही आहे.

माझे मामा मुंबईतल्या एका गिरणीत बॉयलरवर होते. वाफेच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचं पांढरं जाड लेपण असायचं, त्याला ते लॅगिंग म्हणत. ते फुटलं की हाताने ओरबाडून काढायचं आणि नवं पाण्यात कालवून थापायचं. कोरडी पूड पोत्यातून ओतताना खोलीभर धुकं पडायचं, असं ते सांगत. घरी आले की मामी त्यांचा सदरा गॅलरीत नेऊन झटकायची. १९८२च्या संपानंतर मामा गावी आले आणि शेतीला लागले. पासष्टी ओलांडल्यावर त्यांना चढावर दम लागू लागला, कोरडा खोकला सुटेना. एका दवाखान्यात सहा महिने टीबीची औषधं झाली, फरक शून्य. मग छातीच्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं, “आजोबा, तरुणपणी काय काम करत होता?” त्याआधी हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी व्रणांचं जाळं दिसलं. गिरणी सुटून तोवर पंचवीस वर्षं होऊन गेली होती.

म्हणून या लेखात मी दोनच गोष्टी पुन्हापुन्हा सांगणार आहे: धूळ उठू देऊ नका, आणि काय काम केलं ते लिहून ठेवा.

धागा छातीत जाऊन करतो काय

ॲस्बेस्टॉस हा दगडच आहे, पण धाग्यांचा दगड. अंबाडीचा वाख सोलावा तसा तो उभा चिरत जातो. एका धाग्याचे दोन, दोनाचे चार, आणि दर वेळी जाडी कमी होते, लांबी तीच राहते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचणारा धागा ३ मायक्रॉनहून बारीक असतो, बहुतेक वेळा त्याहून कितीतरी बारीक. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो घशात टोचत नाही. धूळ दिसेनाशी झाली म्हणजे हवा साफ झाली, हा समज इथेच फसवतो. जाड कण खाली बसतात आणि घातक धागे तासन्‌तास तरंगत राहतात.

बाहेरून आलेली घाण गिळून टाकणाऱ्या पेशी फुफ्फुसात असतात. धागा त्या पेशीपेक्षा लांब असला तर तिला तो पुरता गिळता येत नाही. ती अर्धवट गिळते, फुटते, तिच्यातली रसायनं आजूबाजूला सांडतात, तिथे दाह होतो आणि व्रण पडतो. मग दुसरी पेशी येते, तिचंही तेच होतं. हे वर्षानुवर्षं चालू राहतं.

त्यातून होणारे आजार वेगवेगळे आहेत आणि ते नावानिशी माहीत असलेले बरे. ॲस्बेस्टॉसिस म्हणजे फुफ्फुस व्रणांनी घट्ट होणं, जे मामांना झालं. तो सहसा वर्षानुवर्षं भरपूर धूळ खाल्लेल्यांना होतो. फुफ्फुसाचा कर्करोग होतो. मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाभोवतीच्या किंवा पोटाच्या आतल्या पातळ पडद्याचा कर्करोग. तो एरवी अगदी दुर्मीळ आहे, आणि त्याला थोडा संपर्कही पुरल्याची उदाहरणं आहेत. स्वरयंत्राचा आणि अंडाशयाचा कर्करोगही या यादीत आहे. शिवाय छातीच्या पडद्यावर कडक चट्टे येतात, त्यांना प्लाक म्हणतात. ते कर्करोग नव्हेत, धूळ आत गेल्याची ती खूण आहे. संपर्क आणि आजार यांत दहा ते चाळीस वर्षं जातात, मेसोथेलिओमात कधी पन्नाससुद्धा.

हे आज कळलेलं नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली केर्शॉ १९२४ साली वारली, तेव्हाच तिच्या फुफ्फुसातले कण डॉक्टरांनी नोंदवले होते. १९३१ साली ब्रिटनने धुळीचे नियम केले. पुढे १९७९ साली अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांच्या अभ्यासातून एक हिशेब पुढे आला, तो विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी नीट वाचावा. ना धूळ ना धूम्रपान अशा माणसाचा फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका एक धरला, तर नुसत्या ॲस्बेस्टॉसने तो पाचपट, नुसत्या धूम्रपानाने सुमारे अकरापट, आणि दोन्ही एकत्र असतील तर पन्नासपटींहून जास्त निघाला. छपरावर बसून विडी ओढणाऱ्या पत्रेवाल्याला मी हे आकडे पाठ करून सांगतो.

पांढरा, निळा आणि तपकिरी असे ॲस्बेस्टॉसचे प्रकार सांगितले जातात. पांढरा, म्हणजे क्रायसोटाइल, शरीरात तुलनेने लवकर तुटतो, म्हणून तो ‘सुरक्षित’ असल्याचं विकणारे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सगळेच प्रकार माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहेत. तेव्हा रंगाच्या चर्चेत पडू नका.

पहिली पायरी: डोक्यावर काय आहे ते ओळखा

भारतात ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. नव्या खाणींचे पट्टे देणं १९८६ साली थांबलं, पण माल बाहेरून येतो, मुख्यतः रशियातून, आणि त्यातला बहुतेक सिमेंटच्या पत्र्यांत जातो. लोक त्याला सिमेंटचा पत्रा, एसी (म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट) शीट किंवा पन्हाळी पत्रा म्हणतात. त्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ॲस्बेस्टॉस असतो, उरलेलं बहुतांश सिमेंट.

पत्र्यावर छापलेला शिक्का शोधा. ‘आयएस ४५९’ हे पन्हाळी ॲस्बेस्टॉस सिमेंट पत्र्यांचं भारतीय मानक आहे. तो आकडा दिसला तर शंकाच नको. शिक्का पुसला असेल आणि पत्रा करडा, जाड, सिमेंटचा असेल, तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच समजून चाला. खात्री करायला तुकडा मोडून पाहू नका. मोडलेल्या कडेला केसाळ तंतू दिसतात खरे, पण ते पाहण्यासाठी मोडणं हाच मूर्खपणा.

पत्र्याखेरीज तो जुन्या पाइपांत, पाण्याच्या टाक्यांत, बॉयलरच्या लेपणात, भट्टीच्या दाराला गुंडाळलेल्या पांढऱ्या दोरात, गॅस्केटमध्ये, जुन्या ब्रेक लायनरमध्ये सापडतो. जहाजतोडणीतून आलेली दारं आणि पॅनेल स्वस्त मिळतात म्हणून घरात लावू नका. मुंबईचं दारुखाना आणि गुजरातचं अलंग इथे फुटणाऱ्या जुन्या जहाजांत ॲस्बेस्टॉस ठासून भरलेला असे. २००६ साली ‘क्लेमान्सो’ ही फ्रान्सची विमानवाहू युद्धनौका अलंगला यायची होती, ती याच कारणाने अर्ध्या वाटेवरून परत बोलवावी लागली.

दुसरी पायरी: शाबूत असेल तर त्याला हात लावू नका

सिमेंटमध्ये धागे घट्ट बसलेले असतात. तडा नसलेला, न झडणारा पत्रा डोक्यावर आहे म्हणून रात्री झोप उडवून घेऊ नका. धोका सुरू होतो तो कापणं, छिद्र पाडणं, घासणं, फोडणं यांतून, आणि जुनाट होऊन पृष्ठभाग पिठूळ झाल्यावर.

पावसाआधी तारेच्या ब्रशने शेवाळ घासायची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडा. जेटच्या पाण्याने धुणंही सोडा. त्या जोराने सिमेंटचा वरचा थर निघतो आणि धागे उघडे पडतात. बारीक भेग असेल तर ती जागा पाण्याने भिजवून मऊ कापडाने पुसायची, वाळली की सीलंट किंवा डांबरपट्टी लावायची. पृष्ठभाग खडबडीत झाला असेल तर आतून-बाहेरून रंग चढवून घ्या, थराखाली धागे बांधले जातात. पन्हाळीत आणि गटारीत साठलेला चिखल ओला असतानाच काढून पिशवीत बांधा. वाळला की त्याची धूळ होते.

पागोळीचं पाणी साठवणाऱ्या बायका मला हटकून विचारतात, हे पाणी पोटात गेलं तर? पाण्यातून पोटात गेलेल्या ॲस्बेस्टॉसमुळे आजार होतात याचा ठाम पुरावा नाही. भीती श्वासाची आहे. तरी दुसरी सोय असेल तर पिण्यासाठी ते पाणी वापरू नये, असं माझं मत.

तिसरी पायरी: काढायचाच असेल तर

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

आधी पडण्याचं बोलू, कारण धुळीने माणूस चाळीस वर्षांनी जातो, आणि पत्रा मोडून खाली पडला तर त्याच दिवशी. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, वरून कितीही दणकट दिसो. त्याच्यावर थेट पाय ठेवायचा नाही. पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आधाराच्या दांड्यांवर, आडव्या रुंद फळ्या टाकून त्यांवरून सरकायचं, कमरेला पट्टा बांधून दोर पक्क्या जागी अडकवायचा. जमलं तर खालून परांची बांधूनच काम करा.

खालची जागा रिकामी करा. मुलं, गुरं, वाळत घातलेले कपडे, उघडी भांडी, धान्य, सगळं हलवा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा आणि खिडक्या लावून घ्यायला सांगा. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरा. वारा असेल त्या दिवशी काम करू नका.

पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब टाका, म्हणजे पाणी वरून ओघळून न जाता आत मुरतं. फवारणीच्या पंपाने पत्रे दोन्ही बाजूंनी भिजवा आणि काम संपेपर्यंत ओले ठेवा. शेतात वापरलेला पंप असेल तर आधी स्वच्छ धुवा. ओल्या पत्र्यावर पाय घसरतो, म्हणून भिजवताना फळ्या सोडून उतरू नका.

पत्रा पर्लिनला धरून ठेवणाऱ्या जे-हुकचे नट पान्ह्याने सोडवा. गंजून अडकले असतील तर बोल्टकटरने हुक तोडा, पत्रा नाही. हातोडीने पत्रा फोडून मोकळा करणं म्हणजे सगळी मेहनत मातीत. ग्राइंडर, कटर, वेगाने फिरणारं ड्रिल यांना इथे स्थान नाही. पत्रा अख्खा सोडवायचा, दोराने किंवा हातोहात खाली द्यायचा, वरून भिरकावायचा नाही. खाली आला की ओला असतानाच दुहेरी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, चिकटपट्टीने बंद करायचा आणि वर मोठ्या अक्षरांत ‘ॲस्बेस्टॉस, फोडू नये’ असं लिहायचं.

मास्कबद्दल स्पष्ट सांगतो. रुमाल, गमछा, निळा सर्जिकल मास्क यांचा काही उपयोग नाही. एन-९५ सुद्धा या कामाला पुरेसा मानत नाहीत. रबरी अर्धमास्क आणि त्याला पी-१०० किंवा पी-३ दर्जाचे फिल्टर हवेत. दाढी असेल तर मास्क गालाला घट्ट बसत नाही आणि फटीतून सगळं आत जातं, म्हणून या कामासाठी दाढी काढावी लागते. अंगावर फेकून देता येईल असा पूर्ण झगा घाला. बाह्या हातमोज्यांच्या आत खोचू नका, बाहीवरून मोजा उतरला की सगळं मनगटावर सांडतं. मोजा आत, बाही बाहेर, वर चिकटपट्टी.

काम संपल्यावर केरसुणी हातात घेऊ नका. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको, तो बारीक धागे मागून परत हवेत सोडतो. ओल्या फडक्याने पुसा, फडकी पिशवीत बांधा. झगा भिजवून उलटा करत उतरवा, मास्क सगळ्यात शेवटी काढा, आणि घरी जाण्याआधी आंघोळ करा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला देऊ नका. मामांच्या निदानानंतर त्या डॉक्टरबाईंनी मामीचाही एक्स-रे काढायला लावला. तिच्या छातीच्या पडद्यावर प्लाक निघाले. मामीने गिरणीचं फाटक कधी ओलांडलं नव्हतं, तिने फक्त कपडे झटकले होते.

आता या पत्र्यांचं करायचं काय? कारखान्यातून निघालेला ॲस्बेस्टॉस २०१६च्या घातक कचरा नियमांत येतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची अधिकृत विल्हेवाट केंद्रं आहेत. शहरातल्या घरमालकाने आधी पालिकेच्या घनकचरा विभागाकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. खेड्यात सोय मिळणं अवघड आहे, हे मी जाणतो. पण तोवर गुंडाळलेले पत्रे अख्खे, सावलीत, मुलांच्या हाताबाहेर रचून ठेवता येतात. भंगारवाल्याला देऊ नका. फोडून जोत्याच्या भरावात, रस्त्याच्या खड्ड्यात किंवा विहिरीत टाकू नका. हे आपल्याकडे सर्रास होतं, आणि पुढे कुणीतरी तिथे कुदळ मारतोच.

ग्लासवूल, रॉकवूल आणि सिरॅमिक वूल

हे माणसाने बनवलेले धागे. काच, दगड किंवा भट्टीची मळी वितळवून ते काढतात. एसीच्या डक्टभोवती, थिएटरच्या भिंतींत, कोल्ड स्टोरेजमध्ये पिवळ्या गादीसारखं दिसतं ते ग्लासवूल. अंगाला लागलं की खाज सुटते, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. त्यामुळे लोक याला जास्त भितात आणि न खाजणाऱ्या सिमेंटच्या पत्र्याला कमी. प्रत्यक्षात उलटं आहे.

फरक मोडण्यात आहे. काचेचा धागा खडूसारखा आडवा तुटतो, आखूड होतो, मग पेशी तो गिळू शकते. शिवाय नेहमीच्या ग्लासवूलचे धागे जाड असतात आणि फुफ्फुसाच्या ओलाव्यात बऱ्यापैकी लवकर विरघळतात. म्हणून त्याच कर्करोग संस्थेने २००२ साली इन्सुलेशनचं ग्लासवूल, रॉकवूल आणि स्लॅगवूल तिसऱ्या गटात टाकलं, म्हणजे कर्करोगाबाबत ठपका ठेवण्याइतका पुरावा नाही. धागा खाणीतला की कारखान्यातला यावर काही ठरत नाही, बारीक किती, लांब किती आणि टिकाऊ किती यावर ठरतं. तुर्कस्तानात कप्पाडोकियातल्या कराइन गावात ॲस्बेस्टॉसचा कारखाना नव्हता, तरी मेसोथेलिओमाने घरंच्या घरं रिकामी झाली. तिथल्या दगडात एरिओनाइट नावाचं धाग्यांसारखं दुसरंच खनिज होतं.

ग्लासवूलचं काम करताना पूर्ण बाह्यांचे सैल कपडे, चष्मा, हातमोजे आणि एन-९५ पुरतो. करवतीऐवजी धारदार सुरीने कापा. खाज आली तर खाजवू नका, आधी थंड पाण्याची धार सोडा. कपडे वेगळे धुवा.

सिरॅमिक वूल मात्र वेगळ्या रांगेत आहे. भट्टीच्या आत लावायचं ते पांढरं ब्लँकेट ग्लासवूलसारखंच मऊ दिसतं, पण त्याचे धागे बारीक आणि बरेच टिकाऊ असतात. ते ‘कर्करोग होऊ शकतो’ अशा २बी गटात आहे. कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत असो की पुण्याच्या उष्णोपचार शेडमध्ये, नवं ब्लँकेट लावण्यापेक्षा जुनं काढणं जास्त घातक. हजार अंशांच्या आसपास आणि वर महिनोन्‌महिने तापलेल्या धाग्यांत क्रिस्टोबलाइट तयार होतं, म्हणजे फुफ्फुसाला घातक अशा सिलिकाचंच एक रूप. ते ठिसूळ अस्तर ओढलं की धागे आणि सिलिका दोन्ही उडतात. तिथे ॲस्बेस्टॉससारखीच तयारी ठेवा: ओलं करणं, फिल्टरचा अर्धमास्क, झगा, पिशव्या. भट्टी पूर्ण थंड झाल्याशिवाय पाणी मारू नका. मालकाला सांगून शरीरात विरघळणाऱ्या धाग्यांचं ब्लँकेट मागवता येतं, तसा माल बाजारात आहे.

गॅरेजमध्ये शिकाऊ असाल तर एकच सांगणं. ब्रेकच्या ड्रममधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा.

धूळ आधीच आत गेली असेल तर

एकदा पत्रा कापताना जवळ उभे होतात, एवढ्यावर घाबरून तपासण्यांच्या मागे लागू नका. धोका एकूण किती धूळ किती वर्षं घेतली यावर वाढतो. एका दिवसाच्या संपर्काने आजार होण्याची शक्यता फार थोडी, आणि दुसऱ्या दिवशी काढलेल्या एक्स-रेत काही दिसणारही नाही. विडी-सिगारेट सोडा. हातात असलेला सगळ्यात मोठा उपाय तोच.

वर्षानुवर्षं हे काम केलं असेल तर छातीच्या डॉक्टरांना भेटा. एक्स-रे, फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री, आणि गरज वाटली तर हाय रिझोल्युशन सीटी. चढावर वाढत जाणारा दम, महिनोन्‌महिने कोरडा खोकला, एका बाजूला छातीत दुखणं, छातीत पाणी होणं, बोटांची टोकं फुगून नखं गोलसर होणं, विनाकारण वजन उतरणं, यांतलं काही दिसलं तर थांबू नका. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की पहिला विचार टीबीचा होतो, आणि तो योग्यही आहे. पण तुम्ही न विचारता सांगा: “मी अमुक वर्षं ॲस्बेस्टॉसच्या धुळीत होतो.” व्रण झालेलं फुफ्फुस पूर्ववत करणारं औषध नाही, मात्र चुकीची औषधं टाळता येतात, न्यूमोनिया आणि फ्लूच्या लशी घेता येतात, आणि हक्क मागता येतो.

हक्काचं असं आहे. ॲस्बेस्टॉसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, म्हणजे डॉक्टरने तो शासनाला कळवायचा असतो. आधी तो कारखाने कायद्यात होता, नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी आलेल्या कामगार सुरक्षेच्या संहितेत आहे. कामगार भरपाईच्या कायद्यात आणि ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, कायद्यातही व्यवसायजन्य रोगांच्या यादीत तो होता, आता त्यांच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांतला जो काळ लांबचा असेल तोवर जपायची. तुमची नोंद मागा. कंत्राटदाराकडे किंवा रोजंदारीवर असाल तर कुणीच नोंद ठेवत नसणार, मग ती तुम्हीच ठेवायची.

ऑस्ट्रेलियात किंवा ब्रिटनमध्ये जुनं घर घेणाऱ्या आपल्या माणसांसाठी एवढंच: तिथे बंदी आहे, पण घरं बंदीआधीची आहेत. ब्रिटनमध्ये २०००पूर्वीचं, ऑस्ट्रेलियात विशेषतः १९९०पूर्वीचं घर असेल तर भिंत फोडण्याआधी तपासणी करून घ्या आणि ते काम परवानाधारकाला द्या.

नोंदीची वही साधी असावी. शाळेची शंभरपानी चालेल. तारीख, जागा, कोणाकडे काम केलं, काय कापलं किंवा काढलं, किती दिवस, मास्क कोणता होता, सोबत कोण होतं. पगाराची चिठ्ठी, गेटपास, कामावरचा एखादा फोटो पाठीमागे चिकटवा. मोबाइल बदलले जातील, म्हणून कागदावरच लिहा, आणि वही कुठे ठेवली आहे ते घरात दोघांना सांगून ठेवा. मामांच्या भरपाईच्या अर्जाला जोडायला आमच्याकडे १९७४ सालचा एक गिरणीचा पास तेवढा निघाला, मामीने तो डब्यात रेशनकार्डाखाली ठेवला होता.